एकवीस किलोमीटर आणि तीनशे मजले

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे सर्व गुरुजन, सध्याचे मुख्याध्यापक सर, आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

समितीने मला आधी दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं भवितव्य’. मी नम्रपणे नाही म्हटलं. त्या विषयावर रोज सकाळी प्रत्येकाच्या फोनवर चार भाषणं येऊन पडतात, पाचवं ऐकायला कुणी इतक्या लांब येऊ नये. मग समितीतली मैत्रीण म्हणाली, “बरं, मग ते तुझं डोंगरातलं पळणं सांग. ग्रुपवर तू चिखलाने माखलेले फोटो टाकतेस आणि आम्ही सगळे अंगठे दाखवतो, पण हे बाईला सुचलं कुठून ते कुणालाच कळत नाही.” म्हणून आज त्याबद्दल बोलते. बोलण्याच्या शेवटी मला एक मागणीही करायची आहे. ती आधी सांगितली तर मागच्या रांगेतले चहाला उठतील, म्हणून राखून ठेवते.

आधी हिशेब. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे आकडे नीट मांडायला हवेत.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलं गेलं आणि १९२१ मध्ये ते कायमचं ठरवलं गेलं. त्याचं निम्मं म्हणजे अर्धमॅरेथॉन, २१.०९७५ किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर या आकड्याला अर्थ असतो. डोंगरात तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. गेल्या डिसेंबरमध्ये मी राजगडाच्या परिसरात जी शर्यत धावले, तिच्यात अंतर एकवीस किलोमीटरच होतं, पण सगळे चढ मिळून नऊशे मीटरचे होते. एक मजला तीन मीटरचा धरला, तर तीनशे मजले झाले. आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं असल्यामुळे तेवढेच मजले उतरायचेही होते.

विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला होता. दर तीन मैलांना एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात अंदाजे पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. आमच्या शर्यतीला हा नियम लावला तर चार तास बारा मिनिटं अंतराची आणि दीड तास चढाचा, म्हणजे जवळजवळ पावणेसहा तास होतात. शर्यतीची मुदत होती पाच तास. म्हणजे जगज्जेतं व्हायची गरज नव्हती. चांगल्या चालणाऱ्या माणसापेक्षा पाऊण तास लवकर पोचलं की झालं. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता ‘का’ या प्रश्नाचं उत्तर.

सहा वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात घसरली. फार जोरात नाही. पण खुब्याचं हाड मोडलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे झालेलं आहे, आत्ता माना हलताना दिसताहेत. शस्त्रक्रिया झाली, पाच महिने वॉकर होता. त्या पाच महिन्यांत मला जे दिसलं ते हाडापेक्षा वेगळं होतं. सकाळी स्वतः उठून देवघरातला दिवा लावणारी बाई, ‘पाणी देशील का गं’ असं विचारायलाही संकोचत होती. डॉक्टरांनी तेव्हा मला समोर बसवून सांगितलं की माणसाचं हाड साधारण तिशीपर्यंत जमा होतं, नंतर ती शिल्लक वापरायची असते. पाळी थांबल्यावर बाईच्या हाडाची झीज वेगाने होते. स्नायूंचंही तसंच, वापरले नाहीत तर ते वयाबरोबर कमी होत जातात. “आईंचं आपण करूच,” ते म्हणाले, “पण तुम्ही दिवसाचे किती तास बसून असता?” मी संगणकावर काम करणारी बाई. उत्तर दहा तास असं होतं. वय होतं एकोणचाळीस.

तेव्हा मी पळायला लागले ते हौसेने नाही. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तीस वर्षांनी तिने माझा वॉकर धरून उभं राहावं असं मला वाटत नव्हतं. सुरुवात सोसायटीभोवती चालण्यापासून झाली. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. सहा महिन्यांनी सलग पाच किलोमीटर जमले. त्याच्यानंतर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, पहाटे त्या वाटेवर सत्तरीतली माणसं आपल्याला मागे टाकून वर जातात आणि वर पोचून दही खात बसलेली असतात. त्यांच्यामुळे वयाचं सगळं रडगाणं तिथल्या तिथे बंद होतं.

तरी एक गोष्ट खटकायची. डोंगरातल्या शर्यतीच्या आरंभरेषेवर आमच्या वयाच्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. मी विचार करू लागले की असं का असावं, आणि विचार करता करता शाळेच्या मैदानावर येऊन पोचले.

आठवतं का? आठवीनंतर खेळाच्या तासाला मुलं मैदानावर आणि मुली कडेच्या झाडाखाली. कुणी आम्हाला बंदी केली नव्हती. पण कपडे बदलायला जागा नव्हती, स्वच्छतागृह इमारतीच्या पार पलीकडे, आणि महिन्याचे चार दिवस तर कारण सांगायचीही चोरी. मग ‘बाई, पोट दुखतंय’ हे एक वाक्य सगळ्या वर्गाला पुरायचं. यात मी शाळेला दोष देत नाही. त्या काळात गावोगाव हेच होतं, आणि जगही फार पुढे नव्हतं. पुरुषांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. १९२८ मध्ये स्त्रियांना आठशे मीटर धावू दिलं, शेवटी काही जणी दमलेल्या दिसल्या, आणि ती शर्यतच बंद करून टाकली, ती थेट १९६० पर्यंत. १९६७ मध्ये कॅथरीन स्वित्झर बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २६१ क्रमांक लावून धावत होती, तर एक पदाधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तो क्रमांक ओढून काढायला लागला. ती पळत राहिली आणि शर्यत पुरी केली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं तेच लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक. आपण तेव्हा बालवाडीत होतो. म्हणजे ‘बाईमाणसाला एवढं झेपणार नाही’ हे वाक्य आपल्या जन्मानंतरही जगात अधिकृतपणे शिल्लक होतं.

आणि आपल्यापेक्षा पाच-दहा वर्षांनी लहान मुलींनी काय केलं बघा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दोघीही आपल्यासारख्याच लहान गावांतल्या. पाय सगळ्यांना असतात, मैदान कुणाला मिळतं हा प्रश्न आहे.

बरं, आता शर्यत.

सकाळी सव्वासहाला सुटलो. पहिले चार किलोमीटर भातखाचरांच्या बांधांवरून. कापणी झालेली, खाचरांत नुसती धसकटं, त्यावर दव. पायवाट एका माणसापुरती, त्यामुळे पुढच्याला ओलांडायचं तर ‘डावीकडून येते’ असं ओरडून सांगावं लागतं. झाडांना आणि करवंदीच्या जाळ्यांना रंगीत फिती बांधलेल्या असतात, त्या बघत जायचं. मग ओढा ओलांडला की सोंड सुरू होते, आणि इथे सगळ्यांचं पळणं बंद पडतं.

हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही डोंगरावर पळत चढतो. नाही. अगदी थोडे पळतात. बाकीचे दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, कमरेत वाकून, लहान पावलं टाकत चालतो. चढावर चालण्यात काही कमीपणा नाही. माझा नियम एकच: एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा. खायचं मात्र भूक लागायच्या आधी. माझ्या पिशवीत खजूर, चिक्की आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा असतो. पाण्याचंही एक शास्त्र आहे. तासन्‌तास घाम गाळून नुसतंच साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. आपलं मीठ-साखर-लिंबाचं सरबत उगीच जुनं नाही.

सोंडेच्या मध्यावर समोरून एक आजी आल्या. डोक्यावर लाकडाची मोळी, पायात साधी चप्पल. आम्ही तिघी-चौघी बाजूला झालो. त्यांनी आमच्या छातीवरचे नंबर पाहिले, हजारो रुपयांचे बूट पाहिले, आणि म्हणाल्या, “सावकाश गं लेकींनो. कोण लागलंय मागं?” आम्ही हसलो. मी म्हटलं, “कोणी नाही आजी, हौस.” “हौस व्हय,” असं म्हणून त्या निघाल्या. मी वळून त्यांचं उतरणं पाहत राहिले. अंग किंचित आडवं, गुडघे कायम थोडे वाकलेले, पाऊल छोटं, टाच रोवून नाही तर सगळा तळवा टेकवून. एक खडा हलला नाही. उतरणीवर कसं पळावं याचे मी कितीतरी व्हिडिओ पाहिले आहेत. त्या आजींच्या दहा पावलांत ते सगळं होतं.

धारेवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. समोर तोरणा, १४०३ मीटर. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. चौदाव्या किलोमीटरला तपासणीचा टप्पा होता. तिथे साडेतीन तासांच्या आत पोचलं नाही तर पुढे सोडत नाहीत. मी बारा मिनिटं आधी पोचले. तिथल्या मुलाने माझं नाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं, डोळ्यांत पाहिलं. हे गंमत म्हणून नसतं. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका धट्ट्याकट्ट्या तरुणाला वार सांगता येईना. तो म्हणत होता, मी ठीक आहे, फक्त सात किलोमीटर राहिलेत, सोडा. त्यांनी सोडलं नाही. नंबर काढून घेतला, सावलीत बसवलं, हातात सरबत दिलं. तो चिडला, मग रडला. अर्ध्या तासाने शुद्धीत बोलायला लागला, असं मला नंतर कळलं. त्या मुलांचे आभार त्याने नंतर मानले की नाही, माहीत नाही. मी मात्र त्याच दिवशी मानले. थांबवणारं माणूस भेटणं हे फार मोठं भाग्य असतं, आणि आपल्या वयात ते दुर्मीळ होत जातं.

उरलेले सात किलोमीटर उतार. ऐकायला सोपं वाटतं. पण चढताना फक्त दम लागतो, उतरताना पडायला होतं. उतरताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी अख्ख्या अंगाचा भार अडवून धरत असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो, उतरता येत नाही. त्यात घसारा. बारीक मुरूम, वर वाळलेलं गवत, खाली कातळ. आपल्या हिरकणीच्या गोष्टीत ती रायगडाचा कडा चढत नाही, अंधारात उतरते. इतिहास आणि दंतकथा यांचा निवाडा जाणकारांनी करावा, पण ज्याने कुणी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला डोंगर माहीत होता.

माझ्यापुरती खरी शर्यत इथे होती. आईचं हाड मोडलं ते एका पावलाने, आणि इथे तशी हजारो पावलं टाकायची होती. घड्याळात एक तास बेचाळीस मिनिटं शिल्लक होती. पहिल्या उतारावर माझे पाय आखडले, कारण भीती गुडघ्यात उतरते, आणि आखडलेलं पाऊलच घसरतं. मग मी त्या आजींसारखं केलं. अंग थोडं आडवं, गुडघे वाकलेले, पाऊल छोटं. नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावलं पुढे. हळूहळू जमत गेलं. शेवटचे दोन किलोमीटर पुन्हा बांधांवरून पळत आले. चार तास एकेचाळीस मिनिटं. माझ्या वयोगटात नंबर बिंबर काही नाही.

घरी फोन केला. आईने किती वेळ लागला ते विचारलं नाही, पदकाचं विचारलं नाही. तिने विचारलं, “उतरताना पडली नाहीस ना?” नाही म्हटलं. मग म्हणाली, “झालं तर मग.”

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही सगळ्यांनी डोंगरात पळावं असं मी मुळीच म्हणत नाही. खूप जणांना साखर आहे, रक्तदाब आहे, एक-दोघांच्या हृदयात स्टेंट आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पाऊलही पळू नये. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते, तो आपल्याला चुकणार नाही. दात घासताना एका पायावर उभं राहून बघा, दोन्ही पाय आळीपाळीने. हसू नका, घरी गेल्यावर करून बघा आणि ग्रुपवर सेकंद लिहा. साठीत पडायचं की नाही, याची तयारी आत्ताच करायची असते.

आणि डोंगरात जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, त्या वाटा आपल्यासाठी बांधलेल्या नाहीत. त्या बाजाराला, शेतावर, सरपणाला जाणाऱ्या माणसांच्या आहेत. चिक्कीचा कागद आपल्याच खिशातून परत यायला हवा.

आता मागणी.

आपल्या तुकडीने शाळेला काय भेट द्यावी यावर आज दुपारी चर्चा आहे. प्रवेशद्वाराची कमान आणि डिजिटल फळे असे दोन प्रस्ताव आले आहेत. दोन्ही चांगले आहेत. माझा तिसरा प्रस्ताव असा: मैदान सपाट करू, आणि मैदानाच्या कडेला, त्या झाडाजवळच, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह बांधू. खर्चाचा अंदाज मी आपल्याच वर्गातल्या बांधकामवाल्या मित्राकडून घेतला आहे, कागद समितीकडे दिला आहे. कमानीपेक्षा तो थोडा जास्त आहे. वाढीव रक्कम कशी उभी करायची तेही त्यात लिहिलं आहे, आणि माझा वाटा मी भरला आहे.

मुख्याध्यापक सर, तुमच्याकडे एकच विनंती. खोली बांधून झाली की आठवी ते दहावीच्या मुलींचा खेळाचा तास वेळापत्रकात पक्का ठेवा, आणि परीक्षा जवळ आल्या म्हणून तो कुणाला उसना देऊ नका. गणिताच्या बाई, तुम्हालासुद्धा नाही.

दुपारी मत देताना हात वर करा. उद्या सकाळी सहा वाजता शाळेमागच्या टेकडीवर जाणार आहोत, ज्यांना यायचंय त्यांनी फाटकाशी या. चालतच जाऊ. उतरताना मी सगळ्यांत मागे असेन.